रानकुत्र्यांचं सुतक

एका जंगलात शिंकायलाही परवानगी लागत असे. त्या जंगलाची ही गोष्ट. मुलांनो, सरळ बसा. मी एकदाच सांगणार आहे.

तिथं एक वाघ राज्य करत होता. लहानपणी त्याला बाळ्या म्हणत. राजा झाल्यावर त्याचं नाव अजिंक्यनख महाराज झालं. ज्यांना बाळ्या आठवत होता त्यांना विसरायला सांगितलं. बरेच जण विसरले. जे विसरले नाहीत ते दिसेनासे झाले.

राजाच्या पदरी एक टिटवी होती. ती बातम्या सांगायची. टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ पडलं तर तोलता यावं म्हणून, हे तुम्ही ऐकलं असेल. या टिटवीला राजानं बजावलं होतं, "आभाळ तू धरलंयस हे सांगत जा. पण माझ्या हुकमावरून धरलंयस, हे आधी सांग."

सेनापती होता साळिंदर. साळिंदर कसं लढतं? शत्रूकडे पाठ करतं, काटे फुलवतं आणि मागं मागं सरकतं. त्यामुळे या सेनापतीनं जन्मात एकही शत्रू समोरून पाहिला नव्हता. राजाला हे फार आवडायचं. ज्यानं शत्रूचं तोंडच पाहिलं नाही, तो शत्रूला फितूर कसा होणार?

नदीच्या पलीकडे दुसरं जंगल होतं. तिथं दुसरा वाघ होता. नदीच्या पलीकडच्या काठाला एक टेकडी होती. तिच्यावर करवंदं पिकायची.

एके दिवशी राजा म्हणाला, "ही टेकडी आमच्या पूर्वजांची आहे."

झालं. लढाई सुरू झाली.

वाघ करवंदं खात नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. एका माकडाच्याही आलं होतं. त्यानं ते मोठ्यानं म्हटलं. तुम्ही म्हणू नका.

टिटवी रोज सकाळी ओरडायची, "टेकडी जिंकली! महाराजांच्या हुकमावरून टेकडी जिंकली!" जनावरं रोज खूर आपटून आनंद करायची. काल जिंकलेली टेकडी आज पुन्हा कशी जिंकली, असं कुणी विचारलं नाही. माकडाची फांदी सगळ्यांना दिसत होती. ती रिकामी होती.

आता एक रीत सांगतो. ती लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यावर आहे.

त्या जंगलात राजासाठी लढताना कुणी मेलं, तर संध्याकाळी राजानं मोठ्या पाषाणावर उभं राहायचं. मेलेल्याच्या घरच्यांना पुढं बसवायचं. मेलेल्याचं नाव घ्यायचं आणि त्याच्यासाठी एक डरकाळी द्यायची. डरकाळी झाली की घरचं सुतक फिटलं. ही रीत राजाच्या आज्यानं घातली होती. म्हणून मोडता येत नव्हती.

लढाई वाढली तशा डरकाळ्या वाढल्या. सांबरं मेली, रानडुकरं मेली. राजाचा घसा बसला. तेही चाललं असतं. पण जनावरं ऐकत होती. सकाळी टिटवी म्हणायची, जिंकलो. संध्याकाळी डरकाळ्या संपता संपायच्या नाहीत. पाडसं आईला विचारू लागली, "आई, जिंकल्यावर एवढे मरतात, तर हरल्यावर किती?"

राजानं सेनापतीला बोलावलं. "काही तरी करा. घशाला त्रास होतो."

साळिंदर म्हणालं, "महाराज, रीत आपल्या प्रजेपुरती आहे. बाहेरून फौज आणू. बाहेरचा मेला तर डरकाळी लागत नाही."

राजाला ते पटलं. मेलेला दिसला नाही म्हणजे मेला नाही. राज्य चालवायचं म्हणजे हेच ठरवायचं असतं, कुणाला दिसू द्यायचं.

घाटमाथ्यावर रानकुत्री राहत होती. तांबडी, सडपातळ, काळ्या शेपटीची. दुसऱ्याच्या भांडणात लढायचं आणि शिकारीतला वाटा घ्यायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा. रानकुत्र्यांना वाघसुद्धा भितो. त्यांचं मूत डोळ्यांत गेलं की वाघ आंधळा होतो म्हणतात. खरं-खोटं मला माहीत नाही. कुठल्याही वाघानं करून पाहिलेलं नाही.

त्यांचा म्होरक्या भिवा नाईक. थोरली बहीण गोदाक्का. आणि सगळ्यांत धाकटा भाऊ कुशा. आई लवकर गेली, तेव्हा कुशाला गोदाक्कानंच वाढवलं होतं.

साळिंदर बोलणी करायला घाटावर गेलं. ते पाठ करूनच बसलं. सवय.

गोदाक्कानं विचारलं, "सेनापती, आमचं कुणी मेलं तर?"

"कुणी मरणार नाही, बाई. टेकडी जिंकलेलीच आहे. फक्त तिथं जाऊन उभं राहायचं."

"उभं राहता राहता मेलं तर?"

"तर महाराज बघतील."

"बघतील म्हणजे डरकाळी देतील?"

"अहो, महाराज बघतील म्हटलं ना!"

गोदाक्का भिवाकडे वळून म्हणाली, "हा तोंड दाखवत नाही. याचा शब्द धरू नको."

भिवा म्हणाला, "आक्का, राजाचा माणूस आहे. राजाचा शब्द तोच त्याचा शब्द."

भिवा शूर होता. शूर जनावरांचं एक असतं. त्यांना वाटतं, राजासुद्धा शूरच असणार.

आता रानकुत्र्यांची रीत. रानकुत्री भुंकत नाहीत. शीळ घालतात. झाडीत एकमेकांना दिसत नसली तरी शिळेवर त्यांची शिकार चालते. तू डावीकडून ये, मी अडवतो, सगळं शिळेवर. पण सुतक असलं की शीळ बंद. ज्याच्यासाठी मेला त्यानं नाव घेऊन आवाज दिला, म्हणजेच सुतक फिटायचं. त्यांच्या पूर्वजांनीही वाघांची चाकरी केलेली. रीत तिथूनच घरात आलेली. तोवर कितीही भूक लागो, शीळ घालायची नाही.

रानकुत्री नदी उतरून गेली. आणि त्यांनी टेकडी खरंच जिंकली.

टिटवीची पंचाईत झाली. ती रोज जिंकल्याचंच सांगत होती. आता खरंच जिंकल्यावर वेगळं काय सांगायचं? तिनं तेच सांगितलं. जनावरांनी तेवढेच खूर आपटले.

टेकडीवर कुशा मेला. पलीकडच्या अस्वलांनी उलटा हल्ला केला, तेव्हा करवंदीच्या जाळीत तो एकटा उभा राहिला. त्यानं शीळ घालून बाकीच्यांना मागं काढलं. शेवटची शीळ अर्धी राहिली.

संध्याकाळी भिवा आणि गोदाक्का मोठ्या पाषाणासमोर येऊन बसले. अंग चिखलानं भरलेलं. भिवाच्या कानाचा लचका गेलेला. त्यांच्या शेजारी एक घुशीचं कुटुंब बसलं होतं. ती घूस सेनापतीचे काटे पुसायला होती. त्याच दिवशी ती मेली होती. कशानं, ते सांगतो.

राजा पाषाणावर आला. त्यानं घुशीचं नाव घेतलं. डरकाळी दिली. चांगली लांब. झाडांवरचे पक्षी उडाले. घुशीची पिलं रडली. मग राजा वळला आणि निघाला.

भिवा उठला. "महाराज, कुशा राहिला."

राजानं साळिंदराकडे पाहिलं. "कोण कुशा?"

साळिंदर म्हणालं, "नाईक, महाराजांचा वेळ घेऊ नका. भाड्यानं आणलेला मरत नसतो. तो परत जातो."

"परत कुठं?"

"जिथून आणला तिथं."

"त्याला जाळीत ठेवून आलोय मी. माझ्या या दातांनी ओढून."

"मग तुम्हालाच माहीत."

भिवा घुशीच्या पिलांकडे बोट दाखवावं तशी मान वळवून म्हणाला, "यांची घूस कशी मेली?"

"घशात करवंदाची बी अडकून."

"बी अडकून मेली, तिला डरकाळी?"

साळिंदरानं काटे फुलवले. "बी शत्रूच्या टेकडीची होती."

राजा गुहेत गेला. टिटवीनं सांगितलं, "आज शत्रूच्या एका बीनं भ्याड हल्ला केला." तेव्हापासून त्या जंगलात करवंदं मोडून, बी काढून, पाहून खायचा हुकूम निघाला.

रानकुत्र्यांचं सुतक फिटलं नाही. म्हणजे शीळ बंद. शीळ बंद म्हणजे शिकार बंद. पोटं खपाटीला गेली. साळिंदरानं नदीच्या अलीकडून निरोप धाडला, "पुढं चाल करा." त्यांनी केली. मुक्यानंच केली. दाट जाळीत कोण कुठं आहे ते कळेना. एकमेकांना हाक मारता येईना. अस्वलांनी आरामात मारलं. कुशाच्या मागं आणखी गेले. त्यांनाही डरकाळी नाही.

गोदाक्का म्हणाली, "भिवा, चल घरी. घाटावर जाऊ."

"सुतक घेऊन घरी? मेलेल्यांना जाळीत टाकून? आपण त्याच्यासाठी लढलो, आक्का. त्यानं कुशाचं नाव एकदा घ्यावं. एक डरकाळी. जास्त काही मागत नाही मी."

"डरकाळी मागून घ्यायची नसते."

"मग काढून घेतो."

रानकुत्र्यांनी टेकडी सोडली. नदी पुन्हा उतरली. आणि राजाच्या पाषाणाकडे तोंड केलं.

भिवा वाटेत सगळ्यांना सांगत होता, "आम्ही राजावर चालून जात नाही. आम्ही राजाकडे चाललोय. राजाला खरं माहीत नाही. सेनापती त्याला कळू देत नाही."

मुलांनो, हे वाक्य फार जुनं आहे. प्रत्येक बंडात कुणी तरी ते म्हणतं. राजे ते ऐकून खुशीत झोपतात.

रस्त्यात साळिंदर उभं होतं. त्यानं रिवाजाप्रमाणे पाठ केली, काटे फुलवले आणि मागं सरकायचं ठरवलं. पण मागं मोठीच फौज आहे, हे पायांच्या आवाजावरून त्याच्या ध्यानात आलं. मग ते पुढं पळालं. थेट राजाच्या दिशेनं.

वाटेत चितळांच्या वस्त्या होत्या. चितळांना एक कवायत शिकवलेली होती. पायांचा आवाज आला की रांगेत उभं राहायचं. मान खाली, शेपटी वर. येईल त्याच्या गळ्यात मोहाच्या फुलांची माळ घालायची आणि ओरडायचं, "विजय असो!" कुणाचा, ते म्हणायचं नाही. नावं बदलतात. चितळं शहाणी होती.

आधी साळिंदर पळत आलं. चितळांनी त्याला माळ घातली. काट्यांत अडकली. मग रानकुत्री आली. त्यांनाही माळा घातल्या. पुढं पळणारा तो पुढारी, असं चितळांना वाटलं. त्यांच्या दृष्टीनं बंड सेनापतीनंच केलं होतं.

"विजय असो! विजय असो!"

भिवाचा ऊर भरून आला. "बघ आक्का, रयत आपल्याबरोबर आहे."

गोदाक्कानं एका म्हाताऱ्या चितळाला बाजूला घेतलं. त्याचं नाव हरबाजी.

"काय हो हरबाजी, आम्ही कशासाठी चाललोय, ठाऊक आहे का?"

"नाही बाई."

"मग माळ का घातली?"

"पाय वाजले."

"उद्या राजाची फौज आम्हाला मारायला आली तर?"

"तिचेही पाय वाजतील ना?" हरबाजी म्हणाला. "तुम्ही जाताना माळा इथंच ठेवून जा. फुलं रोज कुठून आणायची?"

गोदाक्कानं भिवाला हे सांगितलं. भिवानं ऐकलं नाही. गळ्यात फुलं असली की कान मिटतात.

ते मोठ्या पाषाणापाशी पोचले. कुणी अडवलं नाही. पाषाण रिकामा होता. गुहा रिकामी होती.

फांदीवर टिटवी होती. ती म्हणाली, "महाराज तपाला बसलेत."

"कुठं?"

"लांब."

"कधी बसले?"

"तुमचे पाय वाजले तेव्हा."

रानकुत्री पाषाणाभोवती उभी राहिली. काय करायचं ते कुणाला कळेना. जंगल जिंकलं होतं. असं काही होईल, असं त्यांनी धरलंच नव्हतं.

थोड्या वेळात जनावरं जमली. सवयीनं रांग लावली. एका भेकरानं पुढं येऊन विचारलं, "नाईक, आज शिंकायचं का?"

"शिंका की! मला काय विचारता?"

भेकर घाबरलं. "म्हणजे परवानगी आहे की नाही?"

"अरे, घरी जा सगळे!"

"कुठल्या रांगेनं?"

भिवानं कपाळ धरलं नाही, कारण कुत्र्याला ते जमत नाही. त्यानं नुसते कान पाडले. जनावरं तिथंच उभी राहिली. कुणी शिंकलं नाही.

एक म्हातारं वानर म्हणालं, "नाईक, चढा वर. बसा. आम्हाला कुणी तरी बसलेलं लागतं."

भिवा पाषाणावर चढला. गादीसाठी नाही. त्याच्या मनात वेगळंच होतं. त्यानं चारी पाय रोवले. छाती भरली. मान वर केली. आणि कुशाचं नाव घेऊन डरकाळी द्यायचा प्रयत्न केला.

घशातून बारीकसं 'कुंई' आलं.

कुणी हसलं नाही. हसायलाही परवानगी लागायची.

तेव्हा भिवाला कळलं, आपण काय करून बसलोय ते. त्याला हवी होती डरकाळी. डरकाळी देऊ शकत होता फक्त वाघ. आणि वाघाला त्यानंच पळवून लावलं होतं.

गोदाक्का खालून म्हणाली, "उतर, भिवा. कुशाचं नाव आपण आपलंच घेऊ. इथंच. आत्ता."

"आपण घेतलेलं चालतं का? रीत काय आहे? ज्याच्यासाठी मेला, त्यानं घ्यायचं."

"तो माझ्या दुधावर नाही वाढला, पण माझ्या पोटाच्या उबेत झोपला. राजासाठी मेला म्हणतोस. मरताना शीळ कुणासाठी घातली त्यानं?"

भिवा टिटवीकडे वळला. "महाराजांना सांग, परत या. गादी नको. सेनापतीही राहू दे. एक डरकाळी द्या, आम्ही जातो."

टिटवी उडाली. लांबच्या डोहाकाठी एका अरुंद बिळात राजा बसला होता. ते बीळ तरसाचं होतं. राजाची शेपटी बाहेर राहिली होती. शेजारी साळिंदर होतं, गळ्यात माळ होती.

राजानं विचारलं, "काय मागतोय?"

"एक डरकाळी."

"आणि?"

"काही नाही."

"गादी?"

"नको म्हणतो. खाली उतरून उभा आहे."

राजा बिळातून मागं मागं सरकत बाहेर आला. अंग झटकलं. हसला. "मूर्खांनो, मग पळालो कशाला? जो गादी मागतो त्याला भ्यायचं. जो न्याय मागतो, तो परवानगीसुद्धा मागेल." मग टिटवीला म्हणाला, "सांग, डरकाळी देतो. माझा शब्द आहे. पण फौज समोर बसवून डरकाळी दिली तर ती भीतीनं दिल्यासारखी होईल. फौज नदीपार जाऊ दे. नाईकानं एकट्यानं थांबावं. पाहुणा म्हणून."

टिटवीनं निरोप आणला.

गोदाक्का म्हणाली, "भिवा, नको."

"त्यानं शब्द दिलाय."

"शब्द त्या काटेवाल्यानंही दिला होता."

"हा राजा आहे, आक्का."

"म्हणूनच म्हणते."

"फौज उपाशी आहे. डरकाळी झाली की शीळ घालता येईल. पोरं जगतील. मी एकटा थांबलो तर काय बिघडतं?"

गोदाक्कानं त्याचा फाटका कान चाटला. मग फौज घेऊन निघाली.

परतताना चितळांनी पुन्हा माळा घातल्या. "विजय असो!" हरबाजी म्हणाला, "बाई, मागच्या माळा कुठायत?"

राजा पाषाणावर परत आला. भिवाला कड्यावरची मोकळी जागा राहायला दिली. "इथून नदीपारची तुमची फौज दिसते. वारा चांगला लागतो," साळिंदर म्हणालं.

पहिल्या संध्याकाळी भिवा पाषाणासमोर जाऊन बसला. टिटवी म्हणाली, "महाराजांचा घसा बसलाय."

दुसऱ्या संध्याकाळी दिवस चांगला नव्हता.

मग एकदा राजाला आठवेना, नाव काय ते. भिवानं सांगितलं, "कुशा." राजा म्हणाला, "छान नाव आहे." आणि झोपायला गेला.

भिवा कड्यावर बसून राहायचा. पलीकडे आपली तांबड्या ठिपक्यांसारखी जनावरं हलताना दिसायची. उपाशी होती, हे त्यांच्या चालीवरून कळायचं.

एका दुपारी मागं पाला वाजला. भिवानं वळून पाहिलं. साळिंदर पाठमोरं त्याच्याकडे सरकत येत होतं. काटे फुललेले. त्याच्या दोन बाजूंना रानडुकरं. पुढं काटे, मागं कडा.

"सेनापती, काय चाललंय?"

"काही दिसत नाही बुवा," साळिंदर म्हणालं. ते खोटं नव्हतं.

भिवानं नदीपलीकडे पाहिलं. एक शीळ घातली असती तर सगळी फौज पाण्यात उतरली असती. रानकुत्र्याची शीळ लांब जाते. साळिंदर काय, वाघसुद्धा त्या बिळापर्यंत पुन्हा पळाला असता.

त्यानं तोंड उघडलं. मग मिटलं.

सुतक होतं. कुशाची डरकाळी झालेली नव्हती.

संध्याकाळी टिटवीनं सांगितलं, "भिवा नाईक यांचा कड्यावर पाय घसरला." कुत्र्याचा पाय घसरतो का? मी इतकी वर्षं कुत्री पाहिली, घसरलेला पाहिला नाही. पण टिटवीनं सांगितलं, घसरतो, म्हणजे घसरतो.

राजा पाषाणावर आला. सगळं जंगल पुढं बसवलं होतं. राजानं भिवाचं नाव घेतलं. पूर्ण घेतलं, नाईक लावून. डोळे ओले केले. म्हणाला, "तो भाड्याचा नव्हता. तो आपला होता." आणि अशी डरकाळी दिली की तसली त्या जंगलानं ऐकली नव्हती. घसा अगदी मोकळा होता. एकीवर थांबला नाही. आणखी दिल्या.

चितळांनी कड्याला माळा घातल्या. साळिंदराला मानाची पिसं मिळाली. बंडखोरांच्या सतत पुढं राहिल्याबद्दल.

नदीपलीकडे ती डरकाळी पोचली. उपाशी रानकुत्र्यांनी कान टवकारले. एक तरणं कुत्रं उड्या मारत गोदाक्काकडे आलं. "आक्का, दिली! राजानं डरकाळी दिली! भिवादादानं मिळवली! सुतक फिटलं!"

गोदाक्का ऐकत होती. शेवटची डरकाळी विरेपर्यंत ऐकत होती. नाव वाऱ्यावर आलं होतं. तिनं ते ओळखलं.

"कुशाची नाही," ती म्हणाली.

"मग?"

"भिवाची."

तरणं कुत्रं उभ्या जागी बसलं. मग त्यानं विचारलं, "म्हणजे भिवादादाचं सुतक फिटलं, आणि कुशाचं राहिलं? आता शीळ घालायची की नाही घालायची?"

गोदाक्का करवंदीच्या जाळीकडे वळली. जिथं कुशाला ठेवलं होतं तिकडे. तिनं कुशाचं नाव घेतलं. त्याच्या मागून गेलेल्यांची घेतली. एकेक. कुणाची परवानगी घेतली नाही. कुठल्या पाषाणावर चढली नाही. सगळ्यांत शेवटी भिवाचं घेतलं, आणि ते राजानं घेतलं होतं तरी पुन्हा घेतलं.

मग तिनं शीळ घातली. कुशाची अर्धी राहिलेली होती, तिथून पुढची.

एकामागून एक सगळ्यांनी घातली. ती शीळ नदी ओलांडून गेली. चितळं दचकून रांगेत उभी राहिली. मान खाली, शेपटी वर. पण पाय वाजले नाहीत. रानकुत्री घाटाकडे चालली होती. कुणाच्याच लढाईकडे नाही.

दुसऱ्या दिवशी अस्वलांनी टेकडी परत घेतली. टिटवीनं सांगितलं, "टेकडी जिंकली!"

तात्पर्य: राजाच्या शब्दावर विश्वास ठेवावा. राजा शब्दाचा पक्का असतो. डरकाळी देतो म्हणाला, दिली. कुणासाठी, ते आपण आधी विचारून घ्यायला हवं. आणि मुलांनो, उगाच शीळ घालत जाऊ नका. शीळ घातली की माणसं एकमेकांना सापडतात. त्याला परवानगी लागते.